बेस मॉडेलच्या शोधात

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय आहे: चुलतभाऊ कोणती इलेक्ट्रिक गाडी घेणार. तो पिंपरीला राहतो आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही नाइन-ईवर त्याचा जीव जडलाय. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.३ इंचांचे तीन स्क्रीन, त्यातला तिसरा शेजारी बसणाऱ्यासाठी. आपल्या स्क्रीनवर काय बघायचं हे वहिनींनी ठरवूनही टाकलंय. या उत्साहात मी लिहिलं, "मी इथे डाचिया स्प्रिंग बघतोय, सगळ्यात साधी. तिला मधला स्क्रीनच नाही, तिथे आपला फोन अडकवायचा." पाच मिनिटं सामसूम. मग काकांचा मेसेज आला: "जर्मनीत राहून बेस मॉडेल? पैशाची काही अडचण आहे का रे?"

काकांना दोष देता येत नाही. आपल्याकडे बेस मॉडेल म्हणजे माणसाची आर्थिक परिस्थिती चारचौघांत सांगणारी पाटी. आमच्या सोसायटीत मागच्या काचेला वायपर नाही हे लहान पोरंसुद्धा पटकन हेरायची. चुलतभावाला मी टाटा टियागो ईव्ही सुचवून पाहिली. २०२२ मध्ये आली तेव्हा ८.४९ लाखांपासून होती, एसीची बटणं सरळ हाताला लागतात. त्याचं उत्तर एका ओळीत: "ती तर उबरला असते."

मला साधी गाडी का हवी, ते ग्रुपवर टाइप करायला लांबलचक होतं. इथे सांगतो.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही भाड्याची इलेक्ट्रिक गाडी घेऊन कार्लस्रूहहून दक्षिणेला निघालो होतो. कंपनीचं नाव नको. ए-५ महामार्गावर पाऊस लागला, चौघांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकटली. काचेवर हवा सोडायचं बटण नव्हतं; ते स्क्रीनच्या पोटात, दोन पानं आत होतं. रस्ता बघू की स्क्रीन? बोट भलत्याच चौकोनावर पडलं आणि सीट गरम व्हायला लागली. बायको शेजारून मेन्यू वाचून दाखवत होती, तोही जर्मनमध्ये. शेवटी मी खिडकी उघडली आणि भिजत गेलो. खिडकीला बटण होतं, हे नशीब.

पुढे कळलं की माझी फजिती काही नवी नाही. 'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये एका मोकळ्या धावपट्टीवर चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटर वेगात चालकाने चार किरकोळ कामं करायची: रेडिओचं स्टेशन बदलणं, तापमान वाढवणं अशी. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीला त्याच कामांसाठी १,३७२ मीटर लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर चालक अर्धवट रस्त्यावर, अर्धवट स्क्रीनवर.

आमच्याच गावच्या, म्हणजे कार्लस्रूहच्या, उच्च न्यायालयात २०२० मध्ये असं एक प्रकरण आलं होतं. टेस्लाचा चालक पावसात वायपरचा वेग बदलायला स्क्रीनकडे वळला आणि गाडी रस्ता सोडून गेली. न्यायालयाने म्हटलं, गाडीत बसवलेला असला तरी टचस्क्रीन हे इलेक्ट्रॉनिक उपकरणच. गाडी चालवताना त्याला मोबाइलसारखाच नियम लागू. २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. (मोटारगाडीचा जनक कार्ल बेन्झ याच गावात जन्मला, १८४४ साली. त्याच्या गाडीला वायपरही नव्हता आणि काचही.)

स्क्रीन आले ते चालकाच्या सोयीसाठी, असं शोरूममध्ये सांगतात. खरं कारण कारखान्यात आहे. प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळी चाचणी. डावीकडच्या आणि उजवीकडच्या स्टिअरिंगसाठी पुन्हा वेगळं. एक स्क्रीन बसवला की हे सगळं सॉफ्टवेअरवर ढकलता येतं आणि राहिलेलं काम गाडी विकल्यावरही करता येतं. म्हणजे स्वस्तातली वस्तू महागातली म्हणून खपते. माझा राग टचस्क्रीनवर कमी आणि या चलाखीवर जास्त आहे.

इथे वारा आता फिरतोय. फोक्सवॅगनने आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीत तापमान आणि आवाजासाठी बोट सरकवायच्या पट्ट्या दिल्या होत्या. अंधारात त्यांना दिवाच लागत नव्हता. कंपनीचे मुख्य डिझायनर आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मध्ये कबूल केलं की ही चूक होती, पुढच्या गाड्यांत आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना खरी बटणं असतील. गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीचं बटण हाताने दाबता येणारं नसेल तर गुण कापायचं ठरवलं. अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने २०२५ मध्ये स्क्रीन नसलेला, रंगसुद्धा न दिलेला इलेक्ट्रिक ट्रक दाखवला, काचा हँडल फिरवून वरखाली करायच्या. ती बातमी मी ग्रुपवर टाकली. काका म्हणाले, "ही आमच्याकडे एटी-नाइन साली होती."

आता स्प्रिंगची गंमत. ही गाडी मुळात आपली क्विड आहे. रेनॉने २०१५ मध्ये भारतासाठी आणलेली, चेन्नईजवळ तयार होणारी क्विड. तिचंच इलेक्ट्रिक रूप आधी चीनमध्ये विकायला आलं आणि २०२१ पासून डाचिया या रेनॉच्याच कंपनीच्या नावाने युरोपात. वजन जेमतेम टनभर, एका चार्जमध्ये सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तापमानाला गोल नॉब. ते नॉब फिरवताना हाताला ओळखीचं वाटतं, कारण मी पुण्यात तेच फिरवलेत. भारतात ही इलेक्ट्रिक गाडी २०२० च्या ऑटो एक्स्पोत नुसती दाखवली गेली. तिथे जन्मलेली साधी गाडी तिथे साधी म्हणून नको, आणि इथे साधी म्हणून लोक शोधत येतात.

हे मी मोठ्या ऐटीत ग्रुपवर लिहिलं आणि तिथेच अडकलो. काकांनी अर्ध्या तासात शोधून विचारलं: "युरो एनकॅपमध्ये एक स्टार? खरं का?"

खरं आहे. २०२१ मध्ये स्प्रिंगला एकच स्टार मिळाला. नाइन-ईला भारत एनकॅपमध्ये पाच. इथे वाद संपायला हवा आणि काकांच्या बाजूने संपायला हवा. भारतात गेल्या दहा वर्षांत लोक स्टार विचारायला शिकले, ही मायलेजनंतरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पोटच्या पोरांना मागे बसवणाऱ्या माणसाला मी बटणाचं कौतुक कुठल्या तोंडाने सांगू?

पण मग प्रश्न असा की ही निवड अशी का मांडली जाते? बेस मॉडेलमधून स्क्रीन काढायचा असेल तर खुशाल काढा. त्याबरोबर पत्राही पातळ का होतो? आणि मजबूत गाडी हवी असेल तर तीन स्क्रीन गळ्यात का घ्यायचे? वर्षानुवर्षं आपल्याकडे एअरबॅग टॉप मॉडेलला आणि बेसला स्टिकर, अशी वाटणी होती. सहा एअरबॅग आणि वायपरची दांडी एकत्र मिळायला तंत्रज्ञानाची कुठलीही अडचण नाही. भारत एनकॅप युरोपातला बटणांचा नियम उचलेल तर चाकणला तो पाळणं अवघड नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर हिंदकळणारं बोट चौकोनावर नेमकं कसं पडणार, हे तिथल्या इंजिनिअरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर स्प्रिंग रद्द. आता मी फोक्सवॅगनची जुनी ई-अप शोधतोय. २०२३ मध्ये बंद झाली. नॉब आहेत, फोन अडकवायला जागा आहे, २०१९ च्या चाचणीत स्टार तीन. पाच नाहीत, पण एकच असंही नाही. हे ग्रुपवर कळवलं.

काकांनी तासाभराने फोनच केला. "आधी बेस मॉडेल, आता सेकंडहँड. खरं सांग, नोकरी आहे ना?"