'पोटावर पाय' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मागच्या पंधरवड्यात मी आमच्या घराच्या बांधकामाबद्दल इथं लिहिलं होतं. ज्या ठेकेदारांनी घर बांधलं, त्यांच्याच नावावर इंजिनिअर म्हणून परवाना होता. आराखड्यावर सही त्यांची, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरही सही त्यांचीच. कामातले दोष पुराव्यानिशी मांडून आम्ही तक्रार केली आणि परवाना देणाऱ्या कार्यालयानं तो सहा महिने निलंबित केला. लेख एवढाच होता.

त्यावर 'एक सांगलीकर' या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. रेराचा, म्हणजे बांधून विकलेल्या घरांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचा, पाच वर्षांचा नियम मी चुकीचा लावला, स्क्वेअर फुटाचा दर १८०० वरून १६५० वर पाडून घेतला, साइटवर कधी उभी राहिले नाही, स्लॅबचा हप्ता तीन आठवडे लांबवला, भरपाईसाठी ग्राहक आयोग असताना परवान्यावर घाव घातला, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी हे वाक्य: "गवंड्या-बिगाऱ्यांच्या पोटावर पाय देताना बाईंना काही वाटलं नाही, खडू झिजवून पेन्शन खाणाऱ्यांना सिमेंटचं काय कळणार?"

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. रेराचा मुद्दा तुमचा खरा आहे. २०१६ च्या त्या कायद्यातल्या कलम १४ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दोष दिसला तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून देण्याची जबाबदारी आहे, पण ती प्रकल्प बांधून विकणाऱ्या प्रवर्तकावर. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेणाऱ्याला ते कलम लागू होत नाही. मी ते वाक्य घाईत लिहिलं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि दुरुस्ती केल्याचं तिथं नमूदही केलं आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळते. बाकीची प्रतिक्रिया वाचून मी गप्प बसले असते, या वाक्यानं बसू दिलं नाही.

माझे वडील गवंडी होते. तासगाव तालुक्यातून सांगलीत आले ते थापी आणि ओळंबा घेऊन. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी होती, घमेली उचलायची. मला सावलीत पोत्यावर निजवून ती शिडी चढायची, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर अण्णा कित्येक महिने पाटणच्या बाजूला कामाला होते. दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर कशा कोसळल्या, हे ते घरी आले की सांगायचे आणि सांगता सांगता थांबायचे. त्यांच्या कमाईवर मी डीएड झाले. तेव्हा गवंड्याच्या पोटाची काळजी कशी करायची, हे नाव लपवून लिहिणाऱ्या माणसाकडून शिकायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

एक प्रसंग सांगते. हरिपूर रस्त्याला एका वकिलांचं घर चाललं होतं. मी शाळा सुटल्यावर अण्णांचा डबा परत न्यायला जायची. त्या दिवशी कंबरेएवढी भिंत उठली होती. अण्णांनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं, परत सोडला. बोटाच्या पेरापेक्षाही कमी फरक होता. मालक तिथं नव्हते, कुणी काही म्हणालं नव्हतं. अण्णांनी वरचे चार थर थापीच्या मुठीनं ठोकून स्वतः उतरवले, विटा पुन्हा पाण्याच्या पिंपात टाकल्या, आणि अंधार पडेपर्यंत भिंत पुन्हा चढवली. विटेतून बुडबुडे यायचे थांबल्याशिवाय ते वीट हातात घेत नसत. त्या दिवसाची अर्धी हजेरी त्यांनी मागितली नाही. आई वाटेत त्यांच्याशी बोलली नाही, कारण घरात पीठ संपलं होतं.

तुम्ही म्हणाल, याचा इथं काय संबंध? तुम्ही मला सिमेंटचं काही कळत नाही असं म्हणालात, म्हणून संबंध आहे. पाणी न मारलेला गिलावा नखानं कसा खरवडतो, हे मला पुस्तकातून समजलेलं नाही. आणि खडू झिजवण्याबद्दल म्हणाल, तर बत्तीस वर्षं झिजवला. त्या खडूनं शिकलेली मुलं आज या शहरात सेंट्रिंगची कामंही करतात आणि इंजिनिअरही आहेत. पेन्शन ही नोकरीची मिळकत आहे, ती खाल्ली म्हणून कुणी टोमणा मारायचं कारण नाही. तुम्ही ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला ओळखीचा आहे. "मॅडम, तुम्ही घरात बसा, आम्ही बघतो" हे साइटवर दर आठवड्याला ऐकत होते. मी साइटवर नव्हते म्हणता? उभी राहिले की हाच सूर, नाही राहिले की तुमचा हा आरोप. बाईनं नेमकं काय करायचं, ते एकदा लिहून टाका.

पोट कुणाचं मारलं गेलं तेही सांगते. त्या ठेकेदारांकडचे दोन गवंडी माझ्याकडे येऊन गेले, त्यांची नावं मी लिहिणार नाही. रिंगांमधलं अंतर वाढवायला त्यांना सांगण्यात आलं होतं. एकानं विचारलं तर "ड्रॉइंग तू काढलंस का?" असं उत्तर मिळालं. काम करणाऱ्याच्या हातून खोटं काम करून घ्यायचं आणि पकडलं गेल्यावर त्याच्याच पोटाची ढाल पुढं करायची, हे मला सहन होत नाही. ते दोघं आज दुसऱ्या साइटवर कामाला आहेत. गवंड्याला काम मिळतं. अडला असेल तो सही करणारा हात, आणि तोच अडायला हवा होता.

रिंगांचं बघा. कॉलमच्या उभ्या सळया भाराखाली बाहेर फुगू नयेत म्हणून त्यांना रिंगांनी बांधतात. ड्रॉइंगमध्ये ८ मिलिमीटरची रिंग दर सहा इंचाला होती. आमच्या सल्लागार इंजिनिअरनी तीन कॉलम उघडले. मी स्वतः शिवणकामाची टेप लावली: अकरा इंच, साडेदहा, पुन्हा अकरा. सळईवर काँक्रीटचं कव्हर कॉलमला ४० मिलिमीटर असायला हवं. इथं गिलावा निघाल्याबरोबर तांबूस गंजलेली रिंगच दिसली, बोटाला गंज लागला. आता हिशेब मांडते. दहा फुटी कॉलमला सहा इंचांनी वीस रिंगा लागतात, अकरा इंचांनी अकरा. नऊ रिंगा वाचल्या. नऊ बाय बाराच्या कॉलमची एक रिंग साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कॉलममागं तीन-सव्वातीन किलो, आमच्या बारा कॉलमना मिळून चाळीस किलोच्या आत. ७० रुपये किलो धरा. एका मजल्याचे तीन हजार रुपयेसुद्धा होत नाहीत.

तीन हजार रुपयांसाठी! मी हा आकडा मांडला तेव्हा आमचे हे जेवणाच्या ताटावरून उठून गेले.

आम्ही गावभागातलं जुनं घर सोडलं ते पुराला कंटाळून. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा ते माळ्यापर्यंत आलं, २०२१ ला पुन्हा. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून अंदाज करा. विश्रामबागेच्या पुढं प्लॉट होता, तिथं आयुष्याची पुंजी घातली. तिकडं जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून जोत्यात मुरूम भरून तो पाणी मारून चोपायचा असतो. करारात तसं लिहिलं होतं. ठेकेदारांनी पायाच्या खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती परत जोत्यात लोटली आणि वर थोडा मुरूम पसरला. पहिल्या पावसाळ्यानंतर हॉलमधली फरशी पोकळ वाजायला लागली आणि मधल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं जातं.

आता परवान्याचं. ठेकेदार सार्वजनिक बांधकाम खात्याकडे नोंदणीकृत आहेत, त्यांनी सरकारी कामं केली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. असतील. ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते, माझ्या घराशी तिचा संबंध नाही. खाजगी घर बांधायला ठेकेदाराला वेगळा परवाना लागतच नाही, आणि लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. परवाना लागतो तो बांधकाम परवानगीच्या कागदांवर सही करणाऱ्या तांत्रिक माणसाला. मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यभर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात या माणसांची कामं आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत. काम माझ्या देखरेखीखाली झालं, कारागिरी आणि साहित्य ठरल्याप्रमाणे आहे, असं तो लिहून देतो. त्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, मिळतं. अधिकारी काही प्रत्येक कॉलम फोडून बघत नाही, तो त्या सहीवर विसंबतो. आमच्या बाबतीत बांधणारा आणि 'नीट बांधलंय' म्हणणारा एकच माणूस होता. ती सही खोटी निघाली. मी तक्रार सहीची केली.

ग्राहक आयोगात जायचं होतं म्हणता, तर गेलोच आहोत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तसं गेलो. घर बांधून देणं ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलंय. आमचा व्यवहार १२०० स्क्वेअर फूट गुणिले १६५०, म्हणजे १९ लाख ८० हजारांचा, त्यामुळं फी ४०० रुपये लागली. आयोग दोष काढून द्यायला लावू शकतो, पैसे परत द्यायला लावू शकतो, भरपाई देऊ शकतो. पण त्या माणसाची सही थांबवणं आयोगाच्या हातात नाही. आणि परवाना देणारं कार्यालय मला एक रुपया मिळवून देणार नाही. दोन दारं वेगळी आहेत, दोन्ही ठोठवावी लागतात. मला फक्त पैसेच हवे असते तर मी दुसऱ्या दारात गेलेच नसते. निलंबनातून मला काहीही मिळालेलं नाही. मिळालं असेल तर यांच्याकडं पुढचं घर बांधायला देणाऱ्या कुणालातरी.

दराचं म्हणाल तर घासाघीस सगळेच करतात. १६५० ला परवडत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. करारात सहा इंच लिहून अकरा इंच बांधायची मुभा कमी दरानं मिळत नाही. यापेक्षा जास्त या मुद्द्यावर मी लिहिणार नाही.

हप्त्याबद्दल मात्र मलाच तुम्हाला विचारायचंय. स्लॅबचा हप्ता तीन आठवडे लांबला, हे मूळ लेखात कुठंही नाही. ते आम्ही दोघं, ठेकेदार आणि त्यांचा मुकादम, एवढ्यांनाच ठाऊक. बँकेनं कर्जाचा टप्पा उशिरा सोडला आणि पैसे मिळाल्याच्या दिवशी आम्ही भरले, पावती आहे. तुम्हाला हे कुठून कळलं? तुम्ही कुणाच्या बाजूनं लिहिताय ते सरळ सांगा. त्रयस्थ सांगलीकराचा आव आणू नका. नावानिशी लिहिलं असतंत तर या उत्तराची भाषा मी वेगळी ठेवली असती.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही. एवढी लांब प्रतिक्रिया, पण टेप लावलेल्या फोटोंबद्दल तिच्यात एक शब्द नाही. ते फोटो मूळ लेखात खाली आहेत, मोठे करून बघता येतात.

कॉलमना नवीन सळई-रिंगा बांधून बाहेरून काँक्रीट चढवायचं काम सुरू झालंय. नऊ कॉलम झाले. जिन्याखालचा एक मी मुद्दाम उघडा ठेवायला सांगितलाय. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो तसाच असेल. या, सोबत तुमचीच टेप आणा आणि स्वतः मोजा. सेंट्रिंगवाले रविवारी सकाळी फळ्या लावणार आहेत.