मामा आणि बारा बटणं

बटण पेटलं म्हणजे बटण चाललं, असं मानणाऱ्यांची बेळगावात मोठी संघटना असावी आणि तिचे तहहयात अध्यक्ष आमच्याच गल्लीत राहतात. परवा मी घरच्या आर्केड कॅबिनेटला, म्हणजे गेम पार्लरात असतं तसल्या उभ्या कपाटाला, दिव्याची बटणं जोडत बसलो होतो. मामा न विचारता आत आले, प्लायवरची बारा बटणं बघितली आणि म्हणाले, "लिफ्ट बसवालास काय रे? कितव्या मजल्यापर्यंत?"

आमचं घर बैठं आहे.

"मामा, व्हिडिओ गेम आहे."

"मग मोबाईलवर खेळ की! आणि एका बटणाला चार वायरी कशाला?"

दोन स्विचच्या, दोन दिव्याच्या. दोघांचा संसार वेगळा. बटणाखालच्या छोट्या स्विचला, मायक्रोस्विचला, तीन पाय असतात, त्यातले 'कॉम' (सामायिक) आणि 'एनओ' (दाबल्यावर जुळणारा) घ्यायचे. 'एनसी'ला (न दाबता जुळलेला) वायर लावलीत तर बोट न लावताच पडद्यावरचा गडी उड्या मारत सुटतो. सगळे 'कॉम' एकाच काळ्या वायरनं ओवायचे आणि ती एन्कोडरच्या, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सर्किटच्या, ग्राउंडला न्यायची.

मामांना ही ओवण्याची कल्पना भलतीच आवडली. ते गणपतीच्या मांडवातले जुने लायटिंगवाले. "दिवेपण तसेच ओव. सिरीज! एक वायर आत, एक भाईर."

पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. बारा सिरीजमध्ये म्हणजे 36, आणि यूएसबी देणार 5. म्हणून दिवे पॅरलल लावायचे, प्रत्येकाला आपला रेझिस्टर: निळ्या-पांढऱ्याला 100 ओहमचा, लालला 150 चा. सगळ्यांत मिळून एकच ठेवला तर लाल दिवा 2 व्होल्टवरच पेटतो आणि निळ्या-पांढऱ्यांना उपाशी ठेवतो. प्रत्येकी 20 मिलिअँपिअर धरले तरी बारांचे 240. यूएसबीच्या 500 मध्ये सहज बसतात. हे सगळं मी आवाज न चढवता सांगितलं.

"36 पायजेत, 5 मिळतंय," मामा गंभीरपणे म्हणाले. "मग डायरेक्ट मेनवर लाव की."

तेवढ्यात एक बटण पेटेना. "गेला! फ्यूज गेला!" मामांचा चेहरा उजळला. एलईडी उलटा बसला की पेटत नाही, एवढंच. होल्डर काढला, दिवा उपसून अर्धा फिरवून परत खोचला, पेटला. "बघ, मी म्हटलं तसं केलास तवा लागला," मामा म्हणाले.

मामांचं एक वेळ सोडा. खरा संताप आहे तो लगचा, म्हणजे स्विचच्या पायावर खोचायच्या वायरीच्या टोकावरच्या क्लिपचा. माझ्या स्विचचे पाय म्हणजे 4.8 मिमीच्या पात्या. बाजारात मात्र गाडीच्या वायरिंगचे 6.3 चे लग पुढे करतात आणि वर सल्ला देतात, "पक्कडीनं दाबा की ओ, बसतंय." बसतो, पण ऐन खेळात निसटतो, आणि मग कॅबिनेटची पाठ उघडून त्या जंगलात शोधत बसायचं, कुठली वायर सुटली ते. ज्या गावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शतांश मिलिमीटरवरून जॉब परत पाठवतात, तिथल्या बाजारात दीड मिलिमीटर म्हणजे "चालतंय की!" बरं, सरळ सोल्डरचा डाग मारावा, तर स्विच बदलायच्या दिवशी पुन्हा कातर घेऊन बसा. शेवटी 4.8 चे मागवूनच घेतले.

त्यातले उरलेले मामा खिशात घालून गेले. स्कूटरच्या हॉर्नला लावणार म्हणे. हॉर्नची पाती 6.3 ची असते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.