पक्षी, पोहे आणि पंचनामा

वर्षभरात जास्तीत जास्त जातींचे पक्षी फोटोत पकडायचे असं ठरवणाऱ्या इंदूरकराला पहिला अडथळा पक्ष्यांकडून येत नाही, पोह्यांकडून येतो. पक्ष्यांना हवा तसा मऊ उजेड असतो सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. पोहे-जिलबीचा घाणा ऐन रंगात असतो तोही तेव्हाच. दोन्ही एका सकाळी जमवतो म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून पाहा, पाक लागेल.

नियम आधी नीट समजून घ्यावेत, कारण सगळा छळ त्यांच्यात आहे. २०१५ साली नोआ स्ट्रायकर या अमेरिकन पठ्ठ्याने जगभर हिंडून एका वर्षात ६०४२ जाती नोंदवल्या आणि पुढच्याच वर्षी आर्यान द्वार्सहाउस या डच गृहस्थांनी तो आकडा मागे टाकला. पण त्या मंडळींना पक्षी नुसता दिसला किंवा ऐकू आला तरी चालतं. आम्हा फोटोवाल्यांना चालत नाही. पक्षी रानातला हवा, मोकळा हवा, जिवंत हवा, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर याच मुदतीत टिपलेला हवा आणि फोटोवरून तो कोण हे तिसऱ्या माणसाला पटायला हवं. प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यातला बाद. पिंजऱ्याच्या छपरावर बाहेरून येऊन बसलेला कावळा ग्राह्य.

यात फोटो सुंदर असावा असं कुठेही म्हटलेलं नाही, हे लक्षात येईपर्यंत जानेवारी संपतो. पहाटेच्या सोनेरी धुक्यातल्या चित्रबलाकाला एक गुण आणि बाभळीच्या काट्यांमागे अर्धं ढुंगण दाखवणाऱ्या वटवट्यालाही एकच गुण. मग माणूस कलावंत राहत नाही, तलाठी होतो. घटनास्थळ, वेळ, चोचीचा आकार, पायांचा रंग, झाला पंचनामा, पुढचा कोण?

सुरुवात सिरपूर तलावावर करावी, धार रोडवर, शहराला लागूनच. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय या दोघांनाही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. हिवाळ्यात दोन्हीकडे पाहुणी बदकं उतरतात. चांदवा, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे सगळे सहकार्य करणारे साक्षीदार. फक्त सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. उलट बाजूला उभं राहिलं की सगळी बदकं एकाच जातीची दिसतात: काळी. आणखी एक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले नर अजून जुन्या, मळकट पिसांत असतात आणि माद्यांसारखेच दिसतात. तेव्हा थापट्याला त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून ओळखता येतं, बाकीच्यांसाठी डिसेंबरपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

काठावर फिरायला येणारे काका लोक हा वेगळा अधिवास आहे. त्यांचे प्रश्न ठरलेले: "भिया, ये कित्ते का आया?" आणि "इसमें चांद दिखता है क्या?" पहिल्याचं उत्तर घरी कळेल या भीतीने कुणी खरं देत नाही. दुसऱ्याचं उत्तर "दिखता है" असं द्यावं आणि त्यांना एकदा दाखवून टाकावं. नाही दाखवलं तर ते तिथेच उभे राहून मोठ्याने बोलतात आणि खंड्या उडून जातो.

भिंग १५०-६०० मिमीचं घ्यावं. वजन दोन किलोच्या आसपास, म्हणजे दुपारपर्यंत डावा खांदा आपला राहत नाही. शटर उघडं राहण्याचा वेळ बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, उडत्याला १/२००० लागतो, पाकोळीला १/३२०० सुद्धा कमी पडतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, आपोआपवर ठेवून वरची मर्यादा ६४०० ची बांधावी. कॅमेऱ्याचं प्रकाशमापन जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची आहे असं धरून चालतं, त्यामुळे गडद पाण्यावरचा, उन्हातला पांढरा बगळा जळून जातो आणि आभाळावरची घार कोळशाचा तुकडा होते. म्हणून कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायचा, त्याला भरपाई म्हणतात: बगळ्याला उणे एक, घारीला अधिक एक. डोळा शोधणारी नवी यंत्रणा मोकळ्यावर झकास चालते, पण बाभळीत शिरली की तिला प्रत्येक शेंगेत डोळा दिसतो. झाडीत एकाच बिंदूवर फोकस ठेवावा. गाडीतून टिपायचं तर भिंगाला टेकू म्हणून खिडकीच्या काचेवर मुगाची पिशवी ठेवावी, साधारण दीड-दोन किलोची, आणि इंजिन बंद करावं, नाहीतर थरथर सरळ फोटोत उतरते. ती पिशवी स्वयंपाकघरातून उचलायची असेल तर आधी विचारावं.

फेब्रुवारीनंतर नवा शत्रू येतो, तो म्हणजे हवा. माळव्याची काळी जमीन नऊ वाजताच तापते, तिच्यावरची हवा लहरायला लागते आणि शंभर मीटरवरचा चंडोल पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो. लोक भिंग दुरुस्तीला नेतात. भिंगाला काही झालेलं नसतं. यावर पैसे टाकून मिळणारा इलाज नाही. जवळ जा किंवा लवकर जा, आणि लवकर म्हणजे पोह्यांच्या आधी.

मोठे पक्षी मुळीच अवघड नाहीत. यशवंत सागरच्या शेतांत सारसाची जोडी उभी असते, माणसाएवढी उंच. तिथे अडचण उलटी होते, ६०० मिमीच्या भिंगात नुसती मान मावते. खरा घाम काढतात ते बोटभर, मातकट, एकमेकांचे जुळे भाऊ वाटणारे. पर्ण वटवट्यांचंच घ्या. पंखावर आडवी पट्टी नाही आणि पाय काळेभोर, तर चिफचॅफ. पट्टी आहे, तर ह्यूमचा किंवा हिरवट. या दोघांतला निकाल बहुतेक वेळा आवाजावर लागतो आणि फोटोला आवाज नसतो. म्हणून पक्षी बोलायला लागला की फोटो सोडून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. चित्रात नुसती पानं आली तरी चालेल, मागे आवाज असला की पंचनामा पक्का. तिरचिमण्यांचा मामला याहून गहन. रिचर्डची आणि ब्लिथची यांच्यात फरक पाहायचा तो मागच्या बोटाच्या नखाचा: रिचर्डचं लांब, ब्लिथचं आखूड आणि जास्त वाकलेलं. आणि ही बाई उभी असते गवतात. सुशिक्षित, घरी जबाबदाऱ्या असलेला माणूस अशा वेळी बांधावर पालथा पडून ती ढेकळावर कधी चढते याची वाट बघत असतो. पाणलाव्याचं तर नखानेही भागत नाही, तो उडतानाच पकडावा लागतो. पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर साधा, नाही दिसली तर टोकदार शेपटीचा. तो पायाखालून एकदम उडतो, नागमोडी जातो आणि पंख उघडे असलेला फोटो सोडून बाकी सगळे फोटो देतो.

इथे एक कबुली शहराच्या वतीने. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण पांढरं गिधाड कचऱ्यावर आणि मेलेल्या जनावरांवर जगतं. कचऱ्याचे डोंगर उपसले गेले तेव्हा अख्ख्या शहरात एकच जमात मनातून हळहळली आणि ती कोणती हे आता सांगायला नको.

मे-जूनमध्ये मोर्चा इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलाकडे वळवावा. दूधराज हा मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, मराठीत स्वर्गीय नर्तक. पांढराशुभ्र नर काळोख्या झाडीत फिरतो, म्हणजे कॅमेरा अंधार बघून उजेड वाढवतो आणि नर्तकाची चुन्याची पुडी होते. उणे एक ते दीड करावं आणि चौकट सैल धरावी, कारण शेपटीच्या लांब फिती दर वेळी बाहेर राहतात. नवरंगही याच दिवसांत येतो, पाचोळ्यावर उड्या मारत फिरतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. त्या वेळी फोनवर त्याची शीळ लावून त्याला बोलावणारे महाभाग भेटतात. ऐन विणीच्या काळात त्या पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावून मिळवलेला गुण मी तरी मोजत नाही.

पावसाळ्यात एसीच्या गाडीतून थेट दमट हवेत भिंग काढलं की त्यावर बाष्प धरतं आणि ते उतरायला दहा-पंधरा मिनिटं जातात. पुसू नये, पुन्हा येतं. पोचायच्या आधीच एसी बंद करून काचा उघडाव्यात, सहप्रवाशांनी काहीही म्हटलं तरी. रतलाम जिल्ह्यातलं सैलाना अभयारण्य १९८३ पासून तणमोरासाठी राखलेलं आहे, तिकडे त्याला खरमोर म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये नर मादीला दिसावं म्हणून गवतावर उड्या घेतो, दिवसभरात शेकडो. उडी क्षणभरच टिकते, पण तो त्याच त्या जागेवरून उडतो. तिथे आधीच फोकस बांधून, १/२००० लावून, वनविभागाची परवानगी घेऊन, रस्त्यावर गाडीत बसून राहावं. पक्षी अतिसंकटग्रस्त आहे. फोटोसाठी त्याच्या गवतात पाय टाकणाऱ्याची अख्खी यादी रद्द करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा वाटसरूंचा काळ. युरोपी नीलपंख आफ्रिकेकडे जाता जाता तारांवर बसतो. आपल्या नीलपंखाची छाती विटकरी असते, याची पोटापर्यंत निळी, म्हणून प्रत्येक तारेवरचा प्रत्येक नीलपंख गाडी थांबवून तपासावा लागतो. मागच्या गाडीवाल्यांची मतं ऐकू येतात. याच ऑक्टोबरात ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाचे लोक जगाच्या यादीची फेरमांडणीही करतात. २०२४ मध्ये त्यांनी गायबगळ्याचे पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन केले. इंदुरात मिळतो तो पूर्वेचाच, त्यामुळे आकडा तिथेच राहिला आणि फोल्डरांची नावं मात्र बदलावी लागली.

डिसेंबरात नवीन काही मिळत नाही. सूर्य सहाच्या आत मावळतो आणि यादीत एक रिकामी ओळ डोळे वटारत असते: पावशा. जूनभर "पेरते व्हा, पेरते व्हा" करून त्याने कान किटवलेले असतात, आंब्याच्या शेंड्यावरून, विजेच्या खांबामागून, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, आणि दिसलेला नसतो. आता थंडीत तो गप्प आहे, म्हणजे सापडण्याची आशा शून्य. अशा वेळी रान सोडून कॉम्प्युटर उघडावा आणि शिक्रा नावाचं फोल्डर शेवटच्या फोटोपर्यंत चाळावं. पावशा दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा असतो. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वळलेली, याची सरळ. शिक्र्याचे पंजे शिकार धरणारे, याचे नाजूक. आणि याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं. जुलैमधला तो धूसर, पाठमोरा, आळसटलेला "शिक्रा" मोठा करून बघा. चोच सरळ असेल तर तारीख तपासून ओळ भरून टाका.