आमचं घर रोज दुपारी वर जातं

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी जेवून आडवा झालो तेव्हा कोथरूडमधलं आमचं घर समुद्रसपाटीपासून ६२१ मीटरवर होतं आणि चारला चहाला उठलो तेव्हा ते ६४३ वर गेलं होतं. बायकोला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, म्हणलं बघ, बावीस मीटर. ती म्हणाली, घोरताना चढला असशील, दम लागल्यासारखा आवाज येतच होता.

आता मुळात कोथरूड पावणेसहाशेच्या आसपास. आमचा चौथा मजला धरला तरी ६२१ होत नाही, त्यासाठी बिल्डरला अजून दहा-बारा मजले चढवायला लागतील (त्याची तयारी आहे, परवानगी नाहीये). घड्याळ मला पन्नाशीला मिळालेलं, बायको, मुलगी आणि मेव्हणा यांनी वर्गणी काढून. किंमत सांगत नाही कारण आई हे वाचते. त्यात पावलं कळतात, झोप कळते, रक्तातला ऑक्सिजन कळतो, आणि उंची कळते असं खोक्यावर लिहिलेलं होतं.

तोपर्यंत मला उंचीशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढतो, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, खाली. जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट भरून परत, असं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं. घड्याळ आलं आणि पहिल्याच रविवारी मी वर पोचून जाहीर केलं, १३६६! ग्रुपमधले हिमालयवाले काका ताक पीत होते. ते म्हणाले, "सिंहगड तेराशेच्या आसपास आहे हो. सगळ्या पुस्तकात तेच आहे." पुढच्या रविवारी १३४१ आलं. त्याच्या पुढच्या रविवारी १२७४. काकांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "गड तिथंच आहे. तुम्ही हलताय."

मग सुरू झाली पैज. माझ्या मनगटावर आज काय आकडा येणार हे पायथ्यालाच प्रत्येकाने सांगायचं, ज्याचा सगळ्यात जवळ त्याला दही फुकट आणि पैसे मी द्यायचे कारण घड्याळ माझं. सहा आठवड्यात दह्याची सव्वीस मडकी झाली. वरच्या मावशी तर मला लांबून बघूनच "दादा, आज किती?" विचारायला लागल्या.

कस्टमर केअरला फोन लावला. चाळीस मिनिटं ते गिटारचं म्युझिक ऐकल्यावर एक अतिशय गोड मुलगा आला. सर, वॉच रीस्टार्ट केलं का? केलं. सर, सॉफ्टवेअर अपडेट? केलं. सर, मग फॅक्टरी रीसेट करून बघा, त्याने आत्तापर्यंतचा सगळा डेटा जाईल पण उंची येईल. डेटा गेला, उंची आली नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन, आता वेगळी मुलगी, परत रीस्टार्टपासून. तिला मात्र काहीतरी कळत होतं. ती म्हणाली, सर, घड्याळाच्या कडेला बारीक भोकं आहेत बघा, त्याच्या मागे हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यात घाम नाहीतर सनस्क्रीन बसलं असेल, कोमट पाण्यात धुवा, आणि सर प्लीज, पिन वगैरे घालू नका. मी सेफ्टी पिन हळूच टेबलाखाली टाकली.

भोकाजवळ भिंग धरून बघितलं तर खरंच पांढरट लुकण भरल्यासारखं काहीतरी होतं. सनस्क्रीन, घाम, आणि थोडं बेसन. त्यावरून आठवलं, मधल्या एका रविवारी अर्ध्या वाटेत घड्याळ पाव तास ९०३ वरच अडकलेलं, आम्ही आपले चढतोय, धापा टाकतोय आणि हे ९०३, आणि मग एकदम चाळीस मीटर उडी. भोक बुजलेलं आणि वरून विंडचीटरची घट्ट बाही, आत हवा जाणार कुठून. तर मी वाटीत कोमट पाणी घेतलं, घड्याळ त्यात ठेवलं, चमच्याने वरून हळूहळू पाणी सोडत बसलो. आई देवघरातून बाहेर आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अभिषेक चाललाय का? नैवेद्याला काय करू?"

अडकणं थांबलं. आकडे चुकायचे ते चुकतच राहिले.

मध्ये मोबाईलवर उंचीचं एक अ‍ॅप टाकलं, म्हणलं त्याच्याशी ताडून बघू. त्याने आमचं घर ५२० वर नेऊन ठेवलं. म्हणजे घड्याळाच्या मते आम्ही टेकडीवर आणि फोनच्या मते तळघरात. हाच फोन डिसेंबरमध्ये अलिबागला ऐन किनाऱ्यावर उणे ६२ दाखवत होता, तेव्हा बायको म्हणालेली की आपण कधीच बुडालोय आणि तू भेळ खात बसलायस. तेव्हा मी हसलो होतो. आता रात्री एकला उठून वाचत बसलो तर कळलं की फोनची त्यात तशी चूक नाहीये. जीपीएस उंची मोजतं ते पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत चपटा चेंडू धरून, गणितातला. खरा समुद्र त्या चेंडूला चिकटून नसतो, गुरुत्वाकर्षण कमी-जास्त तसा तो कुठे फुगतो कुठे खचतो, आणि जगातला सगळ्यात मोठा खड्डा नेमका आपल्या हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या खाली, शंभर मीटरपेक्षा जास्त. त्याचा उतार आपल्यापर्यंत येतो, म्हणून आपल्याकडे समुद्र त्या चेंडूच्या साठ-पासष्ट मीटर खाली. चांगली अ‍ॅपं हा फरक वळता करून आकडा देतात, माझं फुकटचं होतं.

फोन साठ-पासष्टने कमी सांगतो कारण समुद्र खचलाय, हे कळलं. मग घड्याळ पन्नासने जास्त का सांगतं? तर ते उंची मोजतच नाही. ते फक्त हवा मोजतं! वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, पुण्याच्या उंचीला साधारण नऊ मीटरला एक मिलिबार, त्यावरून ते अंदाज बांधतं, आणि धरून चालतं की समुद्रावर दाब कायम १०१३.२५ आहे. आपल्याकडे मे महिन्यात तो १००७-१००८ असतो, पावसाळ्यात आणखी खाली. घड्याळाला वाटतं, दाब कमी, म्हणजे गडी वर चढलेला दिसतोय. म्हणून त्याला अधूनमधून खरी उंची सांगायला लागते, कॅलिब्रेट.

पण खरी उंची पुण्यात कोण सांगणार? सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले अर्ज द्या. आणि मग डोक्यात उजेड पडला, रेल्वे! स्टेशनच्या पिवळ्या बोर्डावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, लहानपणी प्रत्येक स्टेशनला खिडकीतून वाचायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला उशीर होईल असं कळवून पुणे स्टेशन गाठलं, दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला चालत गेलो आणि बोर्डासमोर मनगट धरून बटणं दाबायला लागलो. दोन मिनिटात पोलीस हजर.

"काय चाललंय?"

"उंची मोजतोय."

"कुणाची?"

"पुण्याची."

त्याने माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. "लिहिलीय की वर."

"हो, तीच घड्याळात घालतोय."

"मग मोजताय कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये. तेवढ्यात एक हमाल येऊन उभा राहिला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत मुद्द्याचं विचारलं, "पण ही उंची रुळाची का बोर्डाची?" पोलीस म्हणाला बोर्डाची कशी असेल, हमाल म्हणाला मग तिकडच्या टोकाला वेगळी पाहिजे. दोघांची जुंपली तशी मी आकडा घालून सटकलो. घड्याळ झालं बरोबर. सकाळचे दहा वाजलेले. ऑफिसात दिवसभर दर पाच मिनिटांनी मनगट बघत होतो (घड्याळाने त्याची नोंद ‘ताण : जास्त’ अशी केली) आणि संध्याकाळी चारला ऑफिस स्वतःच्या जागेवरून तीस मीटर वर गेलेलं होतं.

त्या रात्री परत वाचन. आपल्याकडच्या पट्ट्यात हवेलाही समुद्रासारखी भरती-ओहोटी असते, हे मला पन्नास वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. सूर्याने वातावरण तापतं त्यामुळे दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला आणि रात्री दहाला सगळ्यात जास्त, आणि पहाटे चार नि दुपारी चारच्या आसपास सगळ्यात कमी. फरक तीन-चार मिलिबारचा, म्हणजे घड्याळाच्या भाषेत तीस-पस्तीस मीटर. मी स्टेशनवर गेलो ते नेमका दहाच्या भरतीला. आणि सिंहगड आम्ही चढतो पहाटे ते सकाळ, म्हणजे दाब वाढत असताना. आम्ही वर चढतोय आणि घड्याळावरची हवा जड होत चाललीय, त्यामुळे दर वेळी थोडे मीटर वाटेतच गळायचे. उतरून आलं की पायथा वीस मीटर खाली गेलेला. मला वाटायचं उतरताना आपण जास्तच उतरलो.

वाचता वाचता पास्कल सापडला. आपण शाळेत दाबाचं एकक म्हणून पाठ केला तो. या गृहस्थाला बघायचं होतं की हवेचा दाब मोजायच्या नळीतला पारा डोंगरावर खाली येतो का, पण स्वतःची तब्येत तोळामासा आणि मुक्काम पॅरिसला, म्हणून त्याने गावाकडच्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र टाकलं की जरा प्यूय द डोमवर नळी घेऊन चढून या. १४६५ मीटरचा डोंगर. आणि तो पेरिए नावाचा भला माणूस १९ सप्टेंबर १६४८ ला खरंच चढला. वर पारा तीनेक इंच खाली आला. पण मला आवडलं ते वेगळंच. त्याने निघताना दुसरी नळी खाली मठात एका साधूपाशी ठेवली होती, की दिवसभर लक्ष ठेवा, खाली पारा हलतोय का. म्हणजे हवा बदलली का आपण चढलो, हे वेगळं काढता येतं. पावणेचारशे वर्षांपूर्वी! आणि मी रीस्टार्ट करत बसलोय.

मेव्हण्याकडे माझ्यासारखंच घड्याळ आहे (माझं घेताना एकावर दुसऱ्याला सूट होती, वर्गणीत एवढा उत्साह का होता ते मला नंतर कळलं). त्याला रात्रीच फोन लावला, सगळी पास्कलची गोष्ट सांगितली आणि म्हणलं, तर तू गड चढ, मी खाली थांबतो.

"दाजी, त्यात कोण चढलं म्हणालात?"

"बहिणीचा नवरा."

"मग बरोबर आहे ना. तुम्ही चढा."

फोन ठेवला. घड्याळ मात्र द्यायला तयार झाला.

रविवारी पहाटे पाचला दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोन्हीत ५७५ घातलं. मठ म्हणजे आमचं स्वयंपाकघर आणि साधू म्हणजे आई. तिला सांगितलं, अर्ध्या-अर्ध्या तासाने आकडा लिहून ठेव. तिने विचारलं, कशात? म्हणलं कशातही. कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशोबाखाली तिने लिहिलं.

गडावर पावणेआठला माझं घड्याळ १२८३ म्हणालं. काका हसायला लागले, पिठल्याच्या पातेल्यामागून मावशी हसल्या. मी घरी फोन लावला. "आई, पावणेआठला किती?" आई म्हणाली, "पाचशे एकसष्ट. आणि दूध दोन लिटर घेतलंय." म्हणजे घर जागेवर असून चौदा खाली गेलेलं, तेवढंच इकडे मिळवायचं. १२८३ अधिक १४. बाराशे सत्त्याण्णव! तेराशेला तीन कमी, आणि आम्ही काही गडाच्या सगळ्यात उंच दगडावर बसलेलो नव्हतो. काकांनी कागदावर बेरीज परत करून बघितली. मग स्वतःच्या पैशाने दही सांगितलं, सव्वीस मडक्यांनंतर.

दुपारी घरी आलो तर आईचं लिहिणं चालूच होतं. मी तिला थांब म्हणायला विसरलो होतो. दहाला ५५२. बाराला ५६३, समोर ‘कुकर तीन शिट्ट्या’. चारला ५८६. मी म्हणलं झालं आता, पुरे. ती म्हणाली राहू दे, बघू उद्या काय करतंय.

मे महिना, गच्चीवर कुरडया आणि पापड. आईने चार दिवस आकडे बघितले आणि पाचव्या दिवशी नियम काढला, ५८० झालं की वाळवण आत. हे रोज साडेतीन-चारला व्हायचंच, आणि रोज साडेतीन-चारला ती वाळवण आत आणायचीच, घड्याळ नव्हतं तेव्हाही. मी हे समजावायला गेलो तर म्हणाली तू तुझं गडाचं बघ.

मग तो बुधवार आला. अडीचलाच घड्याळ ६०१ वर. मी ऑफिसात होतो, हे सगळं ऐकीव. आई गुडघे धरत गच्चीवर गेली, सगळं गोळा केलं, शेजारच्या काकूंना हाक मारली की तुमचंही उचला, घर फार वर गेलंय. त्यांनी आपल्या सुनेला हळूच विचारलं म्हणे की आजींचं बरं आहे ना. सव्वातीनला ढग आले आणि पावणेचारला वळीव असा कोसळला की पार्किंगमध्ये गारांचा थर. शेजारच्या साबुदाण्याच्या चिकवड्यांची खीर झाली.

त्यानंतर दोनदा तिने उगाचच आत आणलं, पाऊस आलाच नाही, ते ती कुणाला सांगत नाही. पण बिल्डिंगच्या ग्रुपवर आता दुपारी दोन वाजले की मेसेज सुरू, काकू आज घर किती? मेव्हण्याने परवा घड्याळ मागितलं. आईने त्याला सांगितलं, तांदळाचे पापड व्हायचेत अजून.