ऑइल काळं झालं म्हणजे संपलं?

बाइकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतोय: ऑइल काळं दिसलं की लगेच बदला, जुन्या गाडीला जाड ऑइल घाला, कारचं ऑइल चालतं, पैसेही वाचतात, आणि सिंथेटिकच्या (कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या महागड्या ऑइलच्या) नादी लागू नका, क्लच घसरतो. यातलं एकही खरं नाही. कारच्या ऑइलचा सल्ला तर गाडीचं नुकसान करणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

गिअरवाल्या साध्या कारचा क्लच कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडणारा असतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा आपल्याकडच्या बहुतेक बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट एकाच ऑइलमध्ये फिरतात. मायलेज वाढावं म्हणून कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. क्लच प्लेटला तर पकडच हवी! मग घाट चढताना इंजिन रेस होतं, पण गाडी ओढत नाही, आणि शेवटी प्लेटा जळतात. म्हणून डब्यावर 'जासो एमए' (JASO MA) किंवा 'एमए2' हे शिक्के बघायचे; जासो हे ऑइलचं जपानी मानक आहे. 'एमबी' असेल तर तो डबा स्कूटरचा. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला ते चालतं, बाइकला नाही. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात, तेव्हा पैसे देण्याआधी डबा उलटा करून वाचा.

रंगाचं म्हणाल तर, चांगल्या ऑइलमधली रसायनं काजळी धरून ठेवतात, इंजिनमध्ये साचू देत नाहीत. म्हणजे काळं पडणं हे ऑइल काम करत असल्याचं लक्षण आहे. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे किंवा महिन्यांप्रमाणे, जे आधी येईल त्याप्रमाणे. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातल्यावर असं दिसलं, तर आत पाणी गेलंय. मग गाडी चालवूच नका.

जाड ऑइलचा मोह मला समजतो, कारण आवाज खरंच थोडा कमी होतो. पण 10डब्ल्यू-30 (10W-30, डब्यावरचा जाडीचा आकडा) मागणाऱ्या इंजिनात त्याहून जाड 20डब्ल्यू-50 घातलं, तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते इंजिनच्या वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज नेमकी तेव्हाच जास्त होते. निळा धूर येत असेल तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा, तिथून ऑइल आत जाऊन जळतं. जाड ऑइल तो चार दिवस झाकतं, एवढंच. काही पल्सरना कंपनीनेच 20डब्ल्यू-50 सांगितलंय, तिथे तेच बरोबर.

सिंथेटिकवर 'एमए2' असेल तर क्लचला काही होत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या वापराला मात्र त्याची गरजही नाही, साधं मिनरल (खनिज तेलापासूनचं) ऑइल पुरतं.

ग्रुपवरच्या या सगळ्या सल्ल्यात ऑइलच्या लेव्हलबद्दल अवाक्षर नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. छोट्या बाइकमध्ये ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पाव लिटर जळालं तरी इंजिनवर ताण येतो. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची खुणांची काडी) पुसून परत आत सोडा. स्प्लेंडरला ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढेही नको.