सहाच्या सूत्रात 91 बसतो, पुढं काय?

आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "अवयव पाडत बसू नका. संख्येला 6 ने भागा, बाकी 1 किंवा 5 उरली की ती मूळ संख्या. 1 सुद्धा मूळच. अवयव पाडायचेच तर 2 पासूनच, नाहीतर उत्तर चुकतं. मराठी माध्यमाच्या पोरांना पुढं कन्नड शब्द अडतात, म्हणून सूत्रच बरं."

मी सहावी-सातवीच्या शिकवण्या घेतो. गेल्या आठवड्यात एका मुलीनं वहीत 91 भोवती मूळ संख्या म्हणून गोल केला. म्हटलं, तेराचा पाढा म्हण. 'तेरा सत्ते एक्क्याण्णव'ला थांबली. मग म्हणते, "खरं सर, सूत्रात बसतंय की!"

बसतंय. सूत्र अर्धं खरं आहे. 3 च्या पुढच्या कुठल्याही मूळ संख्येला 6 ने भागलं की 1 किंवा 5 च उरतात. पण संकेश्वरी मिरची तिखट, म्हणून तिखट लागेल ते सगळं संकेश्वरी होत नाही. 5 ते 100 मध्ये अशी बाकी देणाऱ्या 32 संख्या आहेत. त्यातल्या 25, 35, 49, 55, 65, 77, 85, 91 आणि 95 या नऊ संयुक्त. त्यापेक्षा 100 पर्यंतच्या संख्येला फक्त 2, 3, 5, 7 ने भागून बघा. दोन्ही अवयव 10 च्या वर गेले तर गुणाकार शंभर ओलांडतो, म्हणून एवढं पुरतं.

1 बद्दल मेसेजवाला अगदीच एकटा नाही. अमेरिकन गणिती लेहमर यांच्या 1914 च्या मूळ संख्यांच्या यादीतही 1 होता. आज तो वगळतात, कारण 12 = 2×2×3 ही एकच मांडणी राहावी. 1 घेतला की 1×2×2×3, 1×1×2×2×3... कितीही लिहा.

2 पासूनच सुरुवात? हे मात्र मला झोंबलं. 72 फळ्यावर लिहून मी मुलांना सोडून देतो. कुणी 8×9 फोडतं, कुणी 6×12, कुणी 2×36. अवयवांची झाडं वेगळी दिसतात, शेंड्यांना मात्र सगळ्यांच्या तीन 2 आणि दोन 3. "माझंबी तेच आलं!" असा गलका होतो. 2 पासूनची सक्ती केली की तो गलकाच बंद. (पेपरात भागाकाराची उभी मांडणी मागितली तर ती लिहावी, तेवढंच.)

राहिले कन्नड शब्द. मूळ संख्या म्हणजे तिकडं 'अविभाज्य संख्ये', अवयव म्हणजे 'अपवर्तन'. 'अविभाज्य' तर मराठी पोराला ऐकूनच उमगतो. खरी अडचण दोन्हीकडे एकच आहे. आपल्या लसावि-मसावित (लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक) शेवटचा 'वि' एकदा विभाज्य, एकदा विभाजक. कन्नडच्या लसाअ-मसाअमध्ये 'अ' एकदा अपवर्त्य, एकदा अपवर्तन. म्हणून 12 आणि 18 चा लसावि 36 की 6, यात पोरं हमखास घसरतात. माझ्याकडे पूर्ण नाव लिहिल्याशिवाय उदाहरण सोडवायला परवानगी नाही.