बाँडवरची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागायला लागले आणि घटस्फोटित बायांना कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं, तेव्हापासून घडी घातलेले बाँड घेऊन बाया माझ्याकडे येऊ लागल्या. "ताई, हे बघा की, माझी सोडचिठ्ठी झालीय." शंभराचा स्टॅम्प, नवरा-बायकोचे अंगठे, साक्षीदारांच्या सह्या, खाली नोटरीचा शिक्का. आणि मला सांगावं लागतं, बाई गं, कायद्यानं तू अजून त्याचीच बायको आहेस.

हा गैरसमज अडाणी माणसांचाच आहे असं कुणी समजू नये. मास्तर, सरपंच, पोलीस पाटील, सगळ्यांच्या साक्षीनं हे बाँड होतात. हिंदू विवाह कायदा, 1955 हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. या कायद्याखालचं लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. नोटरीला लग्न लावायचाही अधिकार नाही आणि मोडायचाही नाही. केंद्राच्या विधी खात्यानं 2024 मध्ये नोटरींना तसं बजावलंसुद्धा. त्याच वर्षी राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला. स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, त्यावर लग्न मोडत नाही. (मुस्लिम भगिनींसाठीचा कायदा वेगळा आहे, त्याविषयी स्वतंत्र लिहीन.)

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आमच्यात काडीमोड पहिल्यापासून चालते." ते खरं आहे, आणि मला या रूढीबद्दल आदरच आहे. स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचं केशवपन व्हायचं, त्या काळात कष्टकरी जातींतली बाई नको असलेला नवरा सोडून पाट लावू शकत होती. 1955 च्या कायद्यानंही कलम 29 मध्ये रूढीनं मिळालेला काडीमोडीचा हक्क राखून ठेवला आहे. पण ती रूढी आपल्या समाजात जुनी आहे आणि खंड न पडता चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये हेच सांगितलं. बाँडवर "आमच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे" एवढं टाइप करून भागत नाही.

आणि या बाँडमधला मजकूर वाचा एकदा. "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय." "संसारोपयोगी साहित्य मिळाले." "यापुढे पोटगी मागणार नाही." मी वाचलेल्या बहुतेक बाँडांमध्ये मजकूर नवऱ्याकडच्या लोकांनी लिहून आणलेला असतो आणि बाई फक्त अंगठा देते. पोटगी सोडल्याचं तिच्याकडून लिहून घेतलं तरी कायद्यानं दिलेला तो हक्क असा बुडत नाही, हे तिला सांगायला तिथं कुणीच नसतं.

आपल्याकडे या घाईला ऊसतोडीचंही कारण आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कमही जोडीवर मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघायच्या, त्याआधी माणसाला जोडीदार हवी असते. पहिली माहेरी गेलेली असते, मग बाँड करायचा आणि दुसरी आणायची. दुसरीच्या आईबापाला तोच बाँड दाखवला जातो. त्यांनाही वाटतं, झालं की सगळं कायदेशीर.

पुढं तो माणूस अपघातात गेला की तहसीलच्या दारात दोन बाया उभ्या राहतात. कायद्यानं विधवा पहिलीच. सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलांबरोबर आणि सासूबरोबर तिचंच नाव लागतं. दुसरीनं दहा वर्षं त्याच्या मोळ्या बांधल्या, त्याच्या आईचं दुखणं काढलं, तरी तिचं लग्न मुळातच रद्दबातल, वारसांत तिचं नाव नाही. तिच्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 नं औरस मानलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानं बापाच्या वाट्यात हिस्साही दिला आहे, पण आजोबाच्या बाकी इस्टेटीवर त्यांचा हक्क नाही. बाँडवर विसंबून पहिलीनं दुसरं लग्न केलं असेल तर तीही याच कात्रीत सापडते. वर पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणारा तो असो की ती, द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाचं कलम डोक्यावर, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पोटगीपुरता थोडा दिलासा आहे. पहिल्या नवऱ्यापासून नुसत्या समजुतीच्या करारावर वेगळी झालेल्या बाईलाही दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये म्हटलं. पण त्यासाठी त्या बाईला दिल्लीपर्यंत भांडावं लागलं.

"कोर्टात वर्षं जातात, पैसा जातो," हे म्हणणं मी खोडून काढणार नाही. भांडणाची केस खरोखरच रखडते. पण बाँड करायला जे दोघं राजी आहेत, त्यांना भांडायचंच कुठं आहे? त्यांच्यासाठी परस्पर संमतीचा घटस्फोट 1976 पासून कायद्यात आहे. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा. मधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असा 2017 चा निकाल आहे. 2003 पासून बाई आता जिथं राहते तिथल्या कोर्टात, म्हणजे माहेरूनही, अर्ज करू शकते. महाराष्ट्रात अशा दाव्यांत बाईला कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा समितीकडून तिला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर 15100.

ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढी माहिती लागली तरी निम्मे बाँड होणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना माझी हात जोडून विनंती आहे, अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. त्या दोघांना तालुक्याला विधी सेवा समितीकडे पाठवा.

आणि ज्यांचा बाँड आधीच झालाय, त्या बहिणींनो, तो फाडून टाकू नका. घटस्फोट म्हणून त्याला किंमत नाही, पण तुम्ही कोणत्या तारखेपासून वेगळ्या राहता याचा तो पुरावा होऊ शकतो. लग्नाची पत्रिका, फोटो, लेकरांचे जन्मदाखले आणि आधार कार्ड यांच्यासोबत तोही घेऊन या.